रिकामी राहिलेली डिरेक्टरी

जून १९७२ मधला एक दस्तऐवज आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये तो तयार झाला. युनिक्स ही तेव्हा दोन-तीन वर्षांची प्रणाली आतून कशी चालते, हे इतरांना कळावं म्हणून तो काढलेला होता. पीडीपी-११/२० या यंत्रासाठी असेंब्ली भाषेत लिहिलेला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्यात ओळीनं ओळ छापलेला आहे, शेल आहे, आणि यंत्र सुरू झाल्यावर सर्वांत आधी चालणारा 'इनिट' नावाचा छोटा प्रोग्रामही आहे. ओळींसमोर त्या ओळीनं काय होतं याच्या टिपा आहेत. इनिटमध्ये थोडं खाली उतरलं की एक ओळ येते : आरके-शून्य ही डिस्क '/यूएसआर' या डिरेक्टरीवर माउंट कर. समोरची टीपही तेच सांगते. त्यानंतरची ओळ भलत्याच कामाची आहे, कोण कोण लॉगिन आहे याची नोंद ठेवणारी फाइल कोरी करण्याची.

या दोन ओळींच्या मध्ये काहीही नाही. त्या काळच्या युनिक्समध्ये सिस्टिम कॉल फसला की प्रोसेसरचा कॅरी बिट चढवला जाई. काम झालं की नाही हे जाणून घ्यायचं असेल तर लगेच पुढच्या ओळीत तो बिट तपासून दुसरीकडे वळायचं. इथे तशी ओळ नाही. डिस्क चढली तर चढली, नाही चढली तर इनिट तसाच पुढे जातो.

मी सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. यंत्र रीबूट केलं आणि एखादा व्हॉल्यूम माउंट झालाच नाही, हा प्रसंग या कामातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि बहुतेकदा रात्रीच येतो. अशा वेळी आपण विचारतो, डिस्क का चढली नाही? त्याहून मूलभूत प्रश्न दुसरा आहे : डिस्क चढली नाही तर यंत्रानं थांबायचं की पुढे जायचं, आणि हे ठरवलं कुणी? पन्नास वर्षांत या प्रश्नाची उत्तरं अनेकदा बदलली. ती बदलल्याचे कागद शिल्लक आहेत. ते लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. कागद दोन जातीचे आहेत. मॅन्युअल आणि सूचनापत्रं सांगतात की करणाऱ्यांच्या मनात काय होतं. प्रोग्रामचा मजकूर सांगतो की यंत्र प्रत्यक्षात काय करत होतं. दोघांत फरक पडला तर मी प्रोग्रामवर विश्वास ठेवला आहे, आणि जिथे कागद बोलत नाही तिथे 'अनुमान' असा शब्द वापरला आहे.

१९७२ चा तो दस्तऐवज आपल्यापर्यंत पोचला हीसुद्धा साधी गोष्ट नाही. कर्नलच्या त्या आवृत्तीची यंत्राला वाचता येईल अशी प्रत उरलेली नव्हती. उरली होती ती कागदावरची छपाई. तिच्या स्कॅनवरून २००८ मध्ये वॉरन टूमी आणि युनिक्सच्या जुन्या वारशासाठी धडपडणाऱ्या मंडळींनी मजकूर पुन्हा टाइपात आणला, अक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रामनं केलेल्या चुका हातानं दुरुस्त केल्या, आणि सिम्युलेटरवरच्या पीडीपी-११/२० वर तो कर्नल पुन्हा बूट केला. टूमींनी या कामाचा वृत्तान्त २००९ मध्ये युसनिक्सच्या परिषदेत मांडला. हे सगळं कायद्यानं उघडपणे करता आलं याला कारण २००२ चं एक पत्र : जुन्या युनिक्सचे हक्क तेव्हा ज्यांच्याकडे होते त्या कॅल्डेरा कंपनीनं सातव्या आवृत्तीपर्यंतचा मजकूर मुक्त परवान्याखाली खुला केला. छापील कागदावरून चालतं यंत्र उभं करणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी ती एक ओळ वाचवली नसती तर हा लेख लिहिताच आला नसता.

ती ओळ का लिहावी लागली, हे त्या यंत्राच्या अंगावरच लिहिलेलं आहे. पीडीपी-११/२० ला आरएफ-११ ही स्थिर हेडची डिस्क होती. मॅन्युअलच्या हिशोबात तिचे ब्लॉक १,०२४, प्रत्येकी ५१२ बाइटचे. म्हणजे सगळी मिळून अर्धा मेगाबाइट. वेगवान, पण इवलीशी. मूळ फाइल सिस्टिम तिच्यावर होती आणि स्वॅपिंगही तिच्यावरच होतं. जोडीला आरके जातीची हलत्या हेडची डिस्क होती. हिचं कार्ट्रिज ड्राइव्हमधून काढून दुसरं घालता येई. एका कार्ट्रिजवर २०३ सिलिंडर, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १२ सेक्टर, म्हणजे ४,८७२ ब्लॉक, सुमारे अडीच मेगाबाइट. लोकांच्या फाइली अर्थातच मोठ्या डिस्कवर गेल्या आणि ती डिस्क '/यूएसआर' या नावाखाली टांगली गेली. युनिक्सचे कर्ते केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या घरच्या डिरेक्टऱ्यासुद्धा तिथेच होत्या. 'माउंट' हा शब्द तेव्हा हाताच्या कामाचा होता. कार्ट्रिज उचलायचं, ड्राइव्हमध्ये सरकवायचं, ते फिरू लागून तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत थांबायचं. प्रोग्राममधली माउंटची आज्ञा ही या कामानंतर कर्नलला दिलेली वर्दी होती.

पहिल्या आवृत्तीच्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. माउंटच्या पानाचा शेवट वाचण्यासारखा आहे. युनिक्सच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक पानाअखेर दोष सांगण्याची जागा असते. लिहिणारे स्वतःच आपल्या कामातल्या उणिवा तिथे नोंदवत. सिस्टिम कॉलच्या पानावर तिथे दोन गोष्टी कबूल केलेल्या आहेत : एका वेळी काढता-घालता येणारं एकच उपकरण माउंट करता येतं, आणि हा कॉल खरं तर सुपर-यूझरपुरताच हवा. म्हणजे तो तसा नव्हता. कुणीही उठून माउंट करू शकत होतं. पहिल्या दोषाचा पुरावा कर्नलमध्ये आहे. माउंट झालेल्या उपकरणाची नोंद ठेवायला तिथे तक्ता नाही, मेमरीतले नुसते दोन शब्द आहेत : एकात माउंट पॉइंटच्या डिरेक्टरीचा आय-नंबर (डिस्कवरचा तिचा क्रमांक), दुसऱ्यात उपकरणाचा क्रमांक. पहिला शब्द शून्य नसेल तर नवी माउंट नाकारली जाते.

या दोन शब्दांचा वापर कसा होतो हे जवळून पाहायला हवं, कारण पुढच्या पन्नास वर्षांतलं सर्वांत घातक दुखणं इथेच जन्माला आलेलं दिसतं. कर्नल एखादी फाइल शोधताना पायरीपायरीनं आय-नंबर काढत जातो. मूळ डिस्कवरचा हा नंबर माउंट पॉइंटच्या नंबराशी जुळला, की तो चटकन उपकरण बदलतो आणि दुसऱ्या डिस्कवरच्या ४१ क्रमांकाच्या आय-नोडवर जातो. पहिले ४० उपकरणांसाठी राखीव होते. ४१ ही प्रत्येक फाइल सिस्टिमची मूळ डिरेक्टरी. एवढंच. म्हणजे मूळ डिस्कवरची '/यूएसआर' ही डिरेक्टरी कुठे जात नाही. ती जागच्या जागी असते, तिच्यात फाइली असतील तर त्याही असतात, फक्त तिथे जाणारी वाट वळवलेली असते. माउंट झालं नाही तर वाट वळत नाही आणि आपण त्या खालच्या, मूळच्या डिरेक्टरीत पाऊल ठेवतो. १९७२ च्या त्या यंत्रावर आरके-शून्य चढली नसती तर काय झालं असतं? अनुमान असं, की यंत्र सुरू झालं असतं, लॉगिनचा संदेश आला असता, आणि ज्याला त्याला आपलं घर सापडलं नसतं. एका खोलीतल्या मोजक्या माणसांना ते लगेच कळलं असतं. ड्राइव्ह शेजारीच होता. उठून दिवा पाहिला की झालं. तपासणीची ओळ का लिहिली नाही याचं मला तरी यापेक्षा पटणारं उत्तर दिसत नाही.

थॉम्पसन आणि रिची यांचा युनिक्सवरचा प्रसिद्ध निबंध जुलै १९७४ मध्ये एसीएमच्या मासिकात छापून आला. तोवर यंत्र बदलून पीडीपी-११/४५ झालं होतं. एक मेगाबाइटची स्थिर डिस्क, अडीच मेगाबाइटचे चार छोटे ड्राइव्ह आणि चाळीस मेगाबाइटचा एक मोठा. निबंधात ते सांगतात की मूळ डिरेक्टरी स्थिर डिस्कवर आहे, लोकांच्या फाइली असलेली मोठी डिस्क यंत्र सुरू करणारा प्रोग्राम माउंट करतो, आणि चार छोटे ड्राइव्ह ज्याला हवे त्यानं आपापली कार्ट्रिज चढवायला मोकळे आहेत. या एका वाक्यात पुढचं सगळं वर्गीकरण आलेलं आहे. काही डिस्का यंत्राच्या असतात, बूट होतानाच लागतात. काही माणसांच्या असतात, हव्या तेव्हा लागतात. आजच्या भाषेत पहिल्या 'ऑटो', दुसऱ्या 'नो-ऑटो'. तिसरी जात मात्र तिथे नाही : बूट होताना हवी, पण नसली तरी चालेल अशी. तिला नाव मिळायला फार वर्षं गेली.

त्या दशकाच्या शेवटचं मॅन्युअल, सातव्या आवृत्तीचं, जानेवारी १९७९ चं. माउंटच्या पानावर दोषांच्या जागी नोंद आहे की कचरा भरलेली फाइल सिस्टिम माउंट केली तर यंत्र कोसळेल. हे इतकं सरळ लिहिलेलं वाचून आज अंगावर काटा येतो. कारण साधं होतं. तेव्हाच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइल सिस्टिमची माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकमध्ये, 'मी अमुक जातीची फाइल सिस्टिम आहे' असं सांगणारी कसलीच खूण नव्हती. कर्नल ठरलेल्या जागचा ब्लॉक वाचे आणि त्यातल्या आकड्यांवर विश्वास ठेवे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्समध्ये मार्शल कर्क मॅकक्युसिक यांच्या नव्या फाइल सिस्टिमच्या सुपरब्लॉकमध्ये ती खूण आली. ०११९५४ हा आकडा, त्यांची जन्मतारीख. पुढे लिनक्सच्या एक्स्ट घराण्यानं ईएफ५३ ही खूण घेतली. आज माउंट करताना 'चुकीची जात, चुकीचा पर्याय किंवा खराब सुपरब्लॉक' असा जो संदेश येतो, त्यामागे ही खूण असते. तो संदेश पाहून आपण वैतागतो, पण त्याचा अर्थ कर्नल कोसळण्याऐवजी नकार देऊ शकतो असा आहे. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणा.

बूट होतानाचा निर्णय पहिल्यांदा ठसठशीतपणे लिहिलेला सापडतो तो बीएसडीच्या 'आरसी' या फाइलीत. त्याआधी दोन तयारीच्या गोष्टी झाल्या होत्या. एक, टी. जे. कोवाल्स्की यांचा 'एफएससीके' हा तपासणीचा प्रोग्राम. तोवर वेगवेगळ्या हत्यारांनी आणि बऱ्याचशा अनुभवानं होणारं काम तो एका जागी करू लागला. दुसरी, ४.० बीएसडीत आलेली 'एफएसटॅब' ही यादी. डिस्कचं नाव, माउंट पॉइंट, वाचायची की लिहायची, मग दोन आकडे. सुरुवातीला मध्ये अपूर्णविराम घालून एका ओळीत लिहायची पद्धत होती. शेवटचा आकडा तपासणीचा क्रम सांगे : मूळ डिस्कला १, बाकीच्यांना २ किंवा त्यापुढचे. तो आकडा आजही सहाव्या रकान्यात तसाच आहे. आणि प्रकाराच्या जागी दोन एक्स लिहिले तर ती ओळ सगळ्यांनी सोडून द्यायची अशी सोय होती. निकामी झालेल्या डिस्कची ओळ पुसायची नाही, नुसती बाजूला ठेवायची. कुणाच्या तरी रोजच्या गरजेतून आलेली ही सोय असणार, यात मला शंका नाही.

आता ४.३ बीएसडीची आरसी. यंत्र आपोआप सुरू होत असेल तर ती आधी एफएससीके चालवते, आणि त्यानं परत दिलेल्या आकड्याकडे पाहते. शून्य आला तर तारीख छापून पुढे. ४ आला तर मूळ डिस्कवर दुरुस्ती झाली आहे, म्हणून डिस्कवर काहीही न लिहिता यंत्र पुन्हा सुरू करायचं. ८ आला तर कन्सोलवर लिहायचं की आपोआप सुरू होणं फसलं, मदत करा. आणि बाहेर पडायचं. १२ आला तर कुणीतरी मध्येच थांबवलं असं सांगून बाहेर पडायचं. या सगळ्यातून पार पडल्यावरच यादीतल्या सर्व डिस्का माउंट करण्याची आज्ञा येते. १९७२ च्या इनिटशेजारी ही फाइल ठेवून पाहावी. पहिल्यात प्रश्नच नाही. दुसरीत प्रत्येक उत्तरासाठी वेगळी वाट आहे आणि सर्वांत वाईट उत्तराला यंत्र माणसाला हाक मारतं. ती हाक अक्षरशः तिथे लिहिलेली आहे. पण बारकाईनं पाहिलं तर हे सगळे प्रश्न तपासणीला विचारलेले आहेत. शेवटची माउंटची आज्ञा फसली तर काय, हे तिथेही कुणी विचारत नाही. डिस्क आजारी असेल तर थांबायचं हे ठरलं होतं. डिस्क जागेवरच नसेल तर काय, हे ठरलं नव्हतं.

नेटवर्कनं तो प्रश्न टाळणं अशक्य केलं. सन कंपनीची एनएफएस ही नेटवर्कवरची फाइल सिस्टिम १९८५ मध्ये आली आणि डिस्क दुसऱ्याच यंत्रात असू शकते हे रोजचं वास्तव झालं. दोन सर्व्हर एकमेकांच्या डिस्का माउंट करत असतील आणि वीज जाऊन दोन्ही एकदम सुरू झाले, तर दोघंही एकमेकांची वाट पाहत बसणार. म्हणून माउंटच्या पर्यायांत 'बीजी' आला : पहिला प्रयत्न फसला तर पार्श्वभूमीवर प्रयत्न चालू ठेव, बूट अडवू नकोस. थॉम्पसन-रिचींच्या वर्गीकरणात नसलेली तिसरी जात इथे पहिल्यांदा रीतसर लिहिता आली. नेटवर्कच्या डिस्कपुरती का होईना.

लिनक्सच्या काळात अडचणीचं केंद्र सरकलं. डिस्क असते, धडधाकट असते, पण तिचं नाव बदललेलं असतं. यादीत जे नाव लिहिलेलं असतं ते डिस्कचं नसून तिच्या जागेचं असतं, कोणत्या केबलवर ती कितवी आहे त्याचं. फेडोरा ७ च्या, म्हणजे मे २००७ मधल्या प्रकाशनाच्या वेळी आयडीई डिस्कांची 'एचडी'नं सुरू होणारी नावं जाऊन 'एसडी'नं सुरू होणारी आली, आणि सूचनापत्रात लेबलं वापरायला सांगितलं गेलं. उपाय डिस्कच्याच पोटात होता. एक्स्ट फाइल सिस्टिमच्या सुपरब्लॉकमध्ये सुरुवातीपासून १०४ बाइट पुढे सोळा बाइटचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक असतो आणि त्याला लागून सोळा अक्षरांचं लेबल. डिस्क कोणत्याही खाचेत लावा, ही ओळख तिच्याबरोबर जाते. त्यालाही अपवाद आहे. पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल केली की ओळखीचीही नक्कल होते. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम अशा वेळी त्याच यूयूआयडीची दुसरी डिस्क माउंट करायला साफ नकार देते, आणि बॅकअपची प्रत जोडून यंत्र रीबूट करणाऱ्याला कारण चटकन उमगत नाही.

थांबायचं की पुढे जायचं, यावर या काळात वितरणागणिक वेगळी रीत होती. रेड हॅटच्या जुन्या यंत्रांवर एफएससीके फसला की रूटचा पासवर्ड मागून दुरुस्तीचा शेल मिळे. डेबियनमध्ये सिसव्ही पद्धतीची स्क्रिप्ट होती; एखादी किरकोळ डिस्क न चढल्यानं बूट अडत नसे. उबुंटूनं ९.१० पासून 'माउंटऑल' आणला. तो पडद्यावर लिही की अमुक डिरेक्टरीची डिस्क अजून तयार नाही किंवा जागेवर नाही; वाट पाहा, नाहीतर सोडून देण्यासाठी एस दाबा, हातानं दुरुस्त करण्यासाठी एम दाबा. घरच्या संगणकासमोर बसलेल्या माणसाला हा प्रश्न योग्य होता. पण सर्व्हरला कीबोर्ड कुठला? शेकडो किलोमीटरवरच्या डेटा सेंटरमध्ये रॅकवरचं यंत्र तो प्रश्न विचारून तसंच उभं राही. बाहेरून ते बंद पडल्यासारखंच दिसे. 'नोबूटवेट' हा शब्द त्या डिस्कच्या ओळीत लिहिला की यंत्र थांबत नसे. हा शब्द लक्षात असू द्यावा.

मग सिस्टिमडी ही इनिटची जागा घेणारी नवी व्यवस्था आली, २०१० मध्ये. एफएसटॅबची प्रत्येक ओळ ती बूट होताना एका वेगळ्या युनिटमध्ये रूपांतरित करते. युनिट डिस्कची वाट पाहतं, ठरावीक मुदत दीड मिनिटाची. मुदत संपली की ती डिस्क फसली. ती फसली की स्थानिक फाइल सिस्टिमांचं उद्दिष्ट फसलं. ते फसलं की इमर्जन्सी मोड. एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ आलं तेव्हा त्याच्या सूचनापत्रात यावर स्वतंत्र परिच्छेद होता. त्याचा आशय असा : नवी व्यवस्था अधिक कडक आहे, 'ऑटो' डिस्क माउंट झाली नाही तर बूट पुढे न नेता ती आपत्कालीन शेल देईल, म्हणून काढता-घालता येणाऱ्या किंवा नसल्या तरी चालणाऱ्या डिस्कांसमोर 'नो-ऑटो' किंवा 'नोफेल' लिहा. अनेक वर्षं बिनतक्रार बूट होणारी यंत्रं अपग्रेडनंतर थांबू लागली ती या परिच्छेदात सांगितलेल्या बदलामुळे. डिस्का कालही नव्हत्या. काल यंत्र ते मनावर घेत नव्हतं इतकंच.

माझं मत स्पष्ट आहे : डेबियननं केलं ते बरोबर केलं. न थांबणाऱ्या यंत्रानं केलेलं नुकसान थांबलेल्या यंत्रापेक्षा जास्त असतं, आणि ते उशिरा कळतं. डेटाबेसची डिस्क चढली नाही, पण डेटाबेस सुरू झाला, तर तो त्या खालच्या रिकाम्या डिरेक्टरीत नवा डेटा लिहू लागतो. मूळ डिस्क भरत जाते. कुणीतरी जागं होऊन खरी डिस्क माउंट करतो, आणि त्या क्षणी मधल्या वेळात लिहिलेलं सगळं झाकलं जातं. १९७२ च्या कर्नलमध्ये जशी वाट वळत होती तशीच वळते. डेटा गेला असं वाटतं, मूळ डिस्क मात्र भरलेलीच दिसते आणि ती कशानं भरली ते सापडत नाही. अशा वेळी मूळ फाइल सिस्टिम दुसऱ्या एखाद्या डिरेक्टरीवर बाइंड करून माउंट करावी. बाइंडमध्ये वरची माउंटं येत नाहीत, म्हणून खालची जमीन उघडी दिसते. तिथे त्या रात्रीच्या फाइली तारखांसह पडलेल्या असतात. मी अशा फाइलींच्या तारखांवरून डिस्क नेमकी किती वाजल्यापासून गायब होती ते ठरवलेलं आहे. तो दिवस मी विसरलेलो नाही.

थांबलेल्या यंत्राची तपासणीही कागद लावण्याचंच काम आहे. दोन साक्षी असतात : एफएसटॅब सांगते काय असायला हवं होतं, आणि डिस्का सांगतात काय आहे. 'बीएलकेआयडी' चालवून प्रत्येक डिस्कचा यूयूआयडी घ्यायचा आणि यादीशी अक्षर न् अक्षर ताडायचा. न जुळणारा एक अंक पुरतो. तिसरी साक्ष कर्नलच्या संदेशांची. डिस्क दिसलीच नाही, दिसली पण उशिरा आली, की आली आणि सुपरब्लॉक वाचता आला नाही, हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिथे वेगळे दिसतात. जर्नलमधून मागच्या बूटची नोंद काढता येते, पण ती डिस्कवर साठवली जात असेल तरच. '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी नसेल, तर नेहमीच्या मांडणीत जर्नल नुसत्या मेमरीत राहतं आणि रीबूटबरोबर जातं. आणि न चढलेली डिस्क '/व्हार'चीच असेल, तर पुरावा ज्या कपाटात ठेवायचा तेच कपाट हरवलेलं असतं. म्हणून इमर्जन्सी मोडचा पडदा समोर असताना घाईनं रीबूट करू नये. आधी पडद्याचा फोटो काढावा. दुरुस्ती लिहायची तर मूळ फाइल सिस्टिम कधी कधी फक्त वाचता येईल अशा अवस्थेत असते, ती लिहिण्यासाठी पुन्हा माउंट करावी लागते. बदल केल्यावर सिस्टिमडीला यादी पुन्हा वाचायला सांगावं, 'फाइंडमाउंट'ला तिची पडताळणी करायला सांगावं, आणि मगच यंत्र सोडावं.

क्लाउडवरच्या यंत्रांसाठी ॲमेझॉनच्या मार्गदर्शिकेत जोडलेल्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' लिहायला सांगितलेलं आहे, म्हणजे ती डिस्क न जोडता यंत्र सुरू केलं तरी ते सुरू होईल. त्यालाच जोडून एक सूचना होती : डेबियन घराण्यातल्या वितरणांसाठी, उबुंटू १६.०४ च्या आधीच्यांसकट, 'नोबूटवेट'ही लिहा. कितीतरी यंत्रांच्या एफएसटॅबमध्ये तेव्हा दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले गेले. मग १६.०४ आलं. तोवर माउंटऑल जाऊन सिस्टिमडी आलेली होती, आणि 'नोबूटवेट'चा अर्थ जाणणारं कुणी उरलं नाही. तो शब्द फाइल सिस्टिमच्या पर्यायांबरोबर थेट कर्नलकडे जाऊ लागला. एक्स्ट४ ला अनोळखी पर्याय दिसला की ती माउंट नाकारते. बूट अडू नये म्हणून कधीकाळी लिहिलेल्या त्या शब्दामुळेच डिस्क चढत नाही. शेजारी 'नोफेल' असेल तर यंत्र तरीही निमूटपणे सुरू होतं, आणि माउंट पॉइंट रिकामा राहतो. कर्नलच्या संदेशांत त्याची एकच ओळ असते. डिस्कचं नाव, पुढे अनोळखी पर्याय असल्याची तक्रार, आणि अवतरणचिन्हांत तो शब्द.